क्लेलच्या शेजारची जागा

थडग्यांवर फुलं ठेवायच्या दिवशी सून दुकानातलं बटाट्याचं सॅलड घेऊन आली, तेही प्लॅस्टिकच्या डब्यात, झाकणावरची किमतीची चिठ्ठीसुद्धा न खरवडता. आणि एवढ्यानं तिचं भागलं नाही. बाकीच्या बायका वाऱ्याशी झटत टेबलावरची चादर कोपऱ्याकोपऱ्यावर दगड ठेवून बसवत होत्या, पुरुष सीडरच्या सावलीत लेमोनेडचं पिंप उतरवत होते, आणि ही बया कपड्यांच्या हँगरच्या दोन वाकवलेल्या तारा हातात धरून टनेलांच्या मेलेल्या माणसांवरून येरझाऱ्या घालत होती.

ऑर्फा टनेलच्या हातात भरलेल्या अंड्यांची परात होती. ती तिनं खाली ठेवली नाही. तशीच धरून उभी राहिली, म्हणजे आपण मुद्दाम बघत नाही आहोत, कामात आहोत असं दिसावं.

"ही काय करतेय?" तिनं जावेला विचारलं.

झेल्मानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "मयत शोधतेय वाटतं. माझा बाप शोधायचा तसा. खाली माणूस असलं की तारा एकमेकींवर येतात."

"मयत शोधायला कशाला हवं? दगडावर नावं आहेत की. हिला वाचता येतं ना? वाचनालयात नोकरी करते म्हणे."

झेल्मा हसली आणि लोणच्याच्या बरण्या उघडायला लागली. ऑर्फाला मात्र हसू येईना. तिच्या पोरानं, ड्वेननं, चाळिशी उलटल्यावर लग्न केलं आणि केलं ते प्रॉस्पर गावच्या हॅस्क्यूंच्या घरात, हे तिनं गिळलं होतं. सुनेला, कार्लीनला, पाईची पोळी लाटता येत नाही, कोंबडी कापता येत नाही, हेही गिळलं होतं. पण या पोरीला प्रश्न विचारायची जी खोड होती ती काही घशाखाली उतरत नव्हती. काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, शंभर वर्षं होणार म्हणून या वर्षभर ती म्हाताऱ्या माणसांच्या दारोदार फिरत होती. गिलियड गाव का उठलं, विहीर कुणी बुजवली, शाळेची घंटा कुठं गेली. माणसं सांगायचीसुद्धा. ऑर्फाला तिनं एकदा विचारलं होतं, तुम्ही किती शिकलात, आणि ऑर्फानं सांगितलं होतं, मका सोलायला पुरेल एवढं.

आता कार्लीन ऑर्फाच्या नवऱ्याच्या, क्लेलच्या, दगडापाशी आली होती. तो जोडदगड होता, रुंद, करड्या ग्रॅनाइटचा. डाव्या अंगाला क्लेलचं नाव, त्याची दोन्ही सालं. उजव्या अंगाला ऑर्फाचं नाव, जन्माचं साल, एक आडवी रेघ आणि पुढं कोरी जागा. क्लेल गेला तेव्हाच तिनं दोन्ही नावं एकदम कोरून घेतली होती, कारण एका खेपेत स्वस्त पडत होतं आणि आपल्यामागं ड्वेन स्पेलिंग चुकवणार याची तिला खात्री होती.

क्लेलवरून जाताना तारा एकमेकींवर आल्या. यायलाच हव्यात. कार्लीन दोन पावलं उजवीकडे सरकली, ऑर्फाच्या अंगाला, आणि तारा परत एकमेकींवर आल्या.

ती थांबली. मागं गेली, परत आली. मग आडवी चालली, कुंपणाच्या बाजूनं. मग तिनं मान वर करून ऑर्फाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात चोरी पकडली गेल्याचं काही नव्हतं. उलट आपल्याला काहीतरी सापडलंय आणि ते कुणाला सांगू, असं पोराटोरासारखं होतं.

ऑर्फानं परात खाली ठेवली आणि जेवायला हाक मारली, सगळ्या शेतात ऐकू जाईल अशी.

*

जेवणानंतर दरवर्षी गोष्ट सांगायची ती मर्लनं. मर्ल म्हणजे क्लेलचा धाकटा भाऊ, झेल्माचा नवरा, आणि टनेलांत आता वयानं मोठा राहिलेला एकटा पुरुष. हाडकं चोखून झाली, रुबार्बची पाई फिरली, की तो उठून बाकावर एक पाय ठेवायचा. यंदा तर त्याला चेवच चढला होता, कारण जुलैत शंभरीच्या मिरवणुकीत ही गोष्ट गाडीवर देखावा करून दाखवायची होती आणि त्यात म्हातारा एझ्रा टनेल होणार होता मर्ल स्वतः. त्यासाठी हिवाळ्यापासून त्यानं दाढी राखली होती.

गोष्ट बाकावरच्या प्रत्येकाला पाठ होती. कोर्ट कुठल्या गावात असावं याच्या मतमोजणीत घोटाळा करून प्रॉस्परवाल्यांनी काउंटीचं कोर्ट आपल्या गावात ठेवून घेतलं. एझ्रानं गिलियडची माणसं जमवली. जानेवारीतल्या एका रात्री, बर्फ कडक झालेलं असताना, ती प्रॉस्परला गेली, कोर्टाची लाकडी इमारत तुळयांनी उचलली, बर्फावर घसरणाऱ्या ओंडक्यांवर, घसरपट्ट्यांवर, ठेवली, खेचरं जुंपली आणि आख्खं कोर्ट टेबलखुर्च्यांसकट कुरणातून ओढत गिलियडला आणलं. सकाळी प्रॉस्परवाले उठले तर चौकात नुसते पायाचे चार दगड. आत पहाऱ्याला झोपलेला कारकून लूमिस हॅस्क्यू, त्याला वाटेत जाग आली, घर चालतंय हे पाहून त्याची बोबडी वळली, आणि त्यानं लाल लोकरी आतल्या कपड्यांतच खिडकीतून उडी मारली. जो पळाला तो पळाला. लाजेनं परत आलाच नाही. कुणी म्हणतं ओक्लाहोमात गेला, कुणी म्हणतं तिथं बायको केली.

पुढं रेल्वे आली ती प्रॉस्परला. कोर्ट परत गेलं, आणि त्याच्या मागोमाग गिलियडची घरंसुद्धा एकेक करून तशीच घसरपट्ट्यांवर चढून गेली. राहिलं ते हे कब्रस्तान आणि भोवती टनेलांचा गहू. पण गोष्टीचा तेवढा भाग मर्ल सांगायचा नाही. तो लाल कपड्यांवर थांबायचा, आणि सगळे हसायचे.

यंदाही हसले. कार्लीन हसली नाही. ऑर्फानं मनात म्हटलं, हॅस्क्यूच ती, झोंबणारच.

"मर्लकाका," कार्लीन म्हणाली, "त्याला पळताना पाहिलं कुणी?"

"कुणाला?"

"लूमिसला. उडी मारली, पळाला, हे पाहिलं कुणी?"

मर्लनं दाढी खाजवली. "पाहिलं असेल की. त्याशिवाय गोष्ट कशी होईल?"

बाकावर हशा पिकला. कार्लीननं तो सरू दिला. मग ती सांगायला लागली, फारशी मान वर न करता. लूमिस तिच्या पणज्याचा भाऊ. त्याची आई दरवर्षी फुलांच्या दिवशी बग्गी जोडून नऊ मैल या गिलियडच्या कब्रस्तानात यायची. हॅस्क्यूंचं इथं कुणीच पुरलेलं नाही, सगळे प्रॉस्परला. घरात कुणी विचारलं तर म्हणायची, गिलियडवाले भजनं बरी गातात. मरेपर्यंत येत होती. "मी लहानपणापासून विचार करतेय," कार्लीन म्हणाली, "ज्या लोकांनी तिचं कोर्ट ओढून नेलं, तिच्या मुलाचं हसं केलं, त्यांची भजनं ऐकायला ती म्हातारी कशाला येईल?"

झेल्मा पाईचे तुकडे बशीत नीट लावत बसली.

"आज तारा घेऊन आले त्या याच्यासाठी," कार्लीन म्हणाली. मग ती सरळ ऑर्फाकडे वळली. "आई, तुमच्या जागेत कुणीतरी आहे."

त्यावर जे काय उठलं ते ऑर्फानं नुसतं ऐकून घेतलं. मर्ल म्हणाला की हँगरच्या तारांवर जायचं असेल तर त्याला धोब्याकडेसुद्धा मयत सापडतील. कुणी चुलतपुतण्या म्हणाला की हॅस्क्यू आता आपल्यावर खुनाचा आळही घालणार. झेल्मा म्हणाली, जेवणाच्या टेबलावर हे बोलणं शोभत नाही, म्हाताऱ्या बाईला तिच्या थडग्याबद्दल असं कुणी सांगतं का. ड्वेन ताटात बघत राहिला. हा त्याच्या बापाचा गुण. क्लेलसुद्धा घर पेटलं तरी आधी ताट संपवणारा होता.

आणि सगळे आपल्या बाजूनं बोलत असताना ऑर्फाच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. तिला सासू आठवत होती.

क्लेल त्या रांगेत पुरला जावा म्हणून ऑर्फाला भांडावं लागलं होतं. त्याच्या शेजारची ती कुंपणाकडची जागा रिकामी होती, कायमची, आणि सासू म्हणायची, तिला हात लावायचा नाही. का? तर तिच्या सासूनं, म्हणजे एझ्राच्या बायकोनं, पर्मेलियानं, तसं सांगितलं होतं. का सांगितलं होतं हे सासूनं कधी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. टनेल दोन पिढ्या ती जागा सोडून बाकीच्या जागांत पुरत राहिले. मग सासू गेली, जागा संपल्या, आणि ऑर्फा म्हणाली, जिवंतपणी मला या घरात खुर्ची मिळाली नाही, मेल्यावर तरी जागा मिळू दे. तिनं ती हक्कानं घेतली होती. वर नाव कोरलं होतं.

"तारा आण इकडे," ती म्हणाली.

"ऑर्फा, तू कशाला नादी लागतेस?" मर्ल म्हणाला.

"जागा माझी आहे. तुझी असेल तेव्हा तू नादी लागू नकोस."

तिनं स्वतः तारा धरल्या, सैल, कार्लीननं दाखवल्या तशा. क्लेलवर त्या फिरल्या. मग ती स्वतःच्या नावासमोर आली, आणि हातांनी काही न करता त्या हळूच, झोपेत कूस बदलल्यासारख्या, एकमेकींवर येऊन पडल्या. तिनं त्या मर्लच्या हातात दिल्या. मर्लनं त्या इतक्या आवळून धरल्या की बोटं पांढरी पडली, आणि जाहीर केलं की काही हलत नाही.

"नांगराची मूठ धरलीयस काय?" ऑर्फा म्हणाली. "असू दे. तारांवर माझाही विश्वास नाही. ड्वेन, ट्रकमधली सळई आण."

इथं मर्लचा चेहरा बदलला. ऑर्फानं तो बदलताना पाहिला. तारांवर हसता येतं. सळईवर या काउंटीत कुणी हसत नाही. पेरणीआधी जमिनीत ओल किती खोल आहे ते बघायची ती लांब पोलादी सळई, वर आडवी मूठ, टोकाला गोळी. तिच्यावर भरवसा ठेवून माणसं गहू पेरतात. नांगर न लागलेली कुरणाची कोरडी जमीन तिला गुडघ्याएवढ्यावर अडवते, माणूस लोंबकळला तरी आत जात नाही. एकदा खणून भरलेली जमीन अडवत नाही, मग खणल्याला किती का वर्षं होईनात. हे ड्वेनला शिकवलं कुणी, तर मर्लनं.

ड्वेननं आधी कुंपणालगत, जिथं कधी काही झालं नाही तिथं, सळई रोवली. थोडी गेली आणि टक्कन थांबली. क्लेलवर त्यानं ती रोवली नाही, ऑर्फाकडे पाहिलं, आणि ती म्हणाली, "तो काही उठून बसत नाही, पण राहू दे." मग ड्वेन तिच्या नावासमोर आला. मूठ दोन्ही हातांनी धरून त्यानं अंग टाकलं, आणि सळई अशी गेली की त्याचा तोल गेला. मूठ गवताला टेकली.

वाऱ्यानं टेबलावरच्या कागदी बश्या उडवल्या, त्याही कुणी धरल्या नाहीत.

ड्वेननं सळई उपसली आणि न सांगता पुढं सरकत गेला. इथं जाते, इथं अडते, इथं जाते. शेवटी त्यानं जिथं जिथं ती गेली तिथं गवतात काड्या खोचल्या, आणि काड्यांची जी आकृती झाली ती रांगेशी काटकोनात होती. गिलियडमध्ये झाडून सगळे पूर्वेकडे पाय करून झोपलेले, शेवटच्या दिवशी उठतील तेव्हा उन्हाकडे तोंड असावं म्हणून. हा एकटा आडवा होता. घाईनं, अंधारात, दिशा न बघता ठेवलेला.

"गाय-बिय पुरली असेल कुणी," मर्ल म्हणाला, पण त्याचा त्यालाच आवाज पटला नसावा.

कार्लीन मात्र काड्यांकडे बघत नव्हती. ती कुंपणाच्या बुडाशी गुडघ्यांवर बसली होती. तिथं गवतातून वीतभर काटेरी फुटवे वर आले होते, वर्षानुवर्षं छाटून छाटून खुरटलेले, आणि एकावर एक फूल होतं, लहान, भरगच्च पाकळ्यांचं, पिवळं.

"हे कुणी लावलं?"

"लावलं कुठलं? तण आहे ते," ऑर्फा म्हणाली. "दरवर्षी फावड्यानं मुळासकट काढते, दरवर्षी येतं. माझे पाय ओरबाडतं."

"आई, हे तण नाही. हा आमच्या घरचा गुलाब आहे. विहिरीपाशी आहे तो. लूमिसच्या आईनं मिसूरीहून येताना ओल्या गोणपाटात आणलेला." कार्लीननं फुलाला हात लावला नाही. "याला बी धरत नाही. पाखरानं आणला, वाऱ्यानं आणला, असं होत नाही याचं. कुणीतरी मुळाचा तुकडा हातानं काढून दिल्याशिवाय हा दुसरीकडे जात नाही."

ऑर्फा उभीच होती. मग तिला बसावंसं वाटलं आणि ती क्लेलच्या दगडाच्या कडेवर टेकली. आपण काय ऐकलं ते तिनं सावकाश जुळवून पाहिलं, जसं जुन्या पोशाखाचे तुकडे गोधडीसाठी जुळवावेत. एझ्राची बायको पर्मेलिया, जिच्या नवऱ्यानं कोर्ट ओढून आणलं, ती कधीतरी प्रॉस्परला हॅस्क्यूंच्या दारात गेली. काय तोंडानं गेली असेल. आत जाऊन त्या आईला सांगितलं, कुठं आहे ते. पोरगा घसरपट्टीखाली आला की उडी मारताना मान मोडली की थंडीनं गोठला, ते तिनं सांगितलं असेल, किंवा तिलाही माहीत नसेल. आणि त्या आईनं बंदूक काढली नाही, आरडाओरडा केला नाही. तिनं विहिरीपाशी जाऊन मूळ खणून दिलं. मग एकीनं ती जागा राखली आणि दुसरी भजनं ऐकायला येत राहिली. पुरुष दोन्हीकडे आपापली गोष्ट सांगत होते. या दोघींनी कुणालाच काही सांगितलं नाही.

आणि आपण फावडं घेऊन येत होतो.

"हे बघा," मर्ल बोलायला लागला होता, समजुतीच्या सुरात, "शंभर वर्षांची गोष्ट. खाली कोण आहे हे देवाला ठाऊक. आत्ता हे बाहेर काढलं तर शंभरीचा विचका होईल. मिरवणूक आहे, गव्हर्नरला बोलावलंय. आपल्या आजोबाला खुनी म्हणतील. माती सारखी करू, गप्प बसू. आणि ऑर्फाची जागा ऑर्फाची राहील. खोल खणू थोडं."

"म्हणजे मला त्याच्या उरावर झोपवणार?" ऑर्फानं विचारलं.

"ते लाल कपडे मी शिवलेत," झेल्मा एकदम म्हणाली. ती नवऱ्याकडे बघत होती. "देखाव्यासाठी. बटणं लावायची राहिलीत. मर्ल, मी बटणं लावणार नाही. आणि कुणी ते घालून खिडकीतून उडी मारणार नाही."

मर्ल बायकोकडे असा बघत राहिला जणू घरच्या कुत्र्यानं चावा घेतला. मग त्यानं ऑर्फाकडे पाहिलं, तिथं काही मिळेल म्हणून. मिळालं नाही. "मग तू कुठं जाणार?" तो म्हणाला. "रांग संपलीय. क्लेलच्या त्या अंगाला आई आहे. यापुढं कुंपण."

ड्वेननं या सगळ्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. "त्याला हलवता येईल, आई. प्रॉस्परला नेऊन, त्याच्या माणसांत. कायद्यानं परवानगी काढू. जागा तुझीच राहील."

ऑर्फानं कार्लीनकडे पाहिलं. कार्लीन हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. गुडघ्यांना माती लागलेली, केस वाऱ्यानं तोंडावर आलेले, ती नुसती वाट बघत होती, आणि ऑर्फाला कळलं की ही पोरगी जो प्रश्न विचारायला इतकी वर्षं थांबली होती त्याचं उत्तर आता तिच्या हातात नाही, ऑर्फाच्या हातात आहे. खालच्या माणसाला नाव मिळेल की परत गवत, हे टनेलांची म्हातारी ठरवणार होती. तारा हातात घेऊन आली तेव्हाच तिनं ते ओळखलं असणार. तरी आली.

ऑर्फा दगडाचा आधार घेऊन उठली.

"ड्वेन, हे कुंपण सरकव. पलीकडचा गहू आपलाच आहे, दोन सरी गेल्या तर कुणी उपाशी मरत नाही. आख्खं कोर्ट उचलून आणणारी माणसं ना रे आपण? मग एक कुंपण हलत नाही? मी त्याच्या पलीकडे झोपेन. दगडावरचं माझं नाव इथून घासून काढ आणि त्याचं घाल, आणि नीट विचारून घाल, स्पेलिंग हिला येतं. मर्ल, तू दाढी ठेव. देखाव्यात एझ्रा हो, खेचरं हाक, काय हवं ते कर. पण कोर्टात एक माणूस झोपलेला दाखव, आणि तो पळालेला दाखवू नकोस."

मग ती सुनेकडे वळली.

"आणि तू. मेलेल्या माणसांवरून बूट घालून चालतेस. जेवणाच्या टेबलावर तोंडाला येईल ते बोलतेस. आधी तू माझ्या आणि माझ्या पोराच्या मधे आलीस, आता तुझा हा लूमिस माझ्या आणि माझ्या नवऱ्याच्या मधे आला. तुम्हा हॅस्क्यूंना दुसरी जागाच सापडत नाही. असू दे. क्लेल घोरायचा. पण एक सांगते, या घरात मला पन्नास वर्षं झाली, ती जागा का रिकामी हे माझ्या सासूनं विचारलं नाही, मी विचारलं नाही, आणि तू विचारलंस. तेव्हा यापुढं कब्रस्तानाची देखरेख तुझ्याकडे. पुढच्या वर्षी थडग्यांवर ठेवायचे फुलांचे डबे तू भरायचे, एक डबा जास्तीचा. त्या गुलाबाला फावडं लागलं तर गाठ माझ्याशी आहे. आणि बटाटे घरी उकड, बाई, ते दुकानातलं मी दुसऱ्यांदा तोंडात घालणार नाही."